पुराणवास्तूंच्या पोटांत नव्या वस्तू पुराव्या काय ?

जुन्या वास्तूची डागडुजी चालली असतां, किंवा एखाद्या राष्ट्रीय समारंभाच्या निमित्तानें, तिच्या पोटांत वा पायथ्याशीं आपल्या काळाचीं नाणीं, कागदपत्रें व इतर वस्तू पेटींत घालून पुराव्या, म्हणजे पुढील पिढ्यांस आपली ओळख राहील, अशी कल्पना अनेक देशांत निघत असते. ज्यांच्याकडे वास्तूचें रक्षण सोंपविलेलें आहे त्यांनींच असें करणें युक्त आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडणारें एक उदाहरण आपल्या उत्तर कोंकणांतच आहे. तेव्हां आरंभ तेथूनच करूं.

सोपारें येथें ‘बुरूड राजाचा कोट’ या नांवानें ओळखलें जाणारें टेकाड इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं खोदविलें. तो विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गर्भांत दगडी पेटी होती व तींत एकांत एक बसविलेले करंडे होते. बाहेरचा तांब्याचा, सर्वांत आंतला सोन्याचा. सोन्याच्या करंड्यांत मातीच्या पात्राचे बारीक तुकडे जपून ठेविलेले होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिले जात असावेत असें पंडितजींचें अनुमान. याच ठेवींत सोन्याचीं फुलें व यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें एक नाणें मिळालें. तांब्याच्या करंड्याभोंवतीं मात्र आठ धातुमूर्ति मांडलेल्या होत्या : सात मानुषी बुद्ध व आठवा मैत्रेय.

नाणें दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. मूर्ति, त्यांची घडण पाहतां, आठव्या-नवव्या शतकांतल्या, असें विद्वानांचें मत आहे. एकाच दगडी पेटींत सुमारें सहाशें वर्षांचें अंतर ! याची उपपत्ति दोन प्रकारें लागते. एक तर मागाहून कोणी स्तूप उघडून मूर्ति ठेविल्या व तो पुन: बंद केला, किंवा सारीच ठेव मूर्तींच्या काळीं, जुन्या वस्तू गोळा करून, मांडली गेली. पहिला तर्क अधिक संभवनीय आहे. परंतु तो स्वीकारला तरी उघडणाऱ्यांनीं मूळच्या वस्तूंपैकीं कोणती हलविली व कोणती काढली, हें आज सांगतां येत नाहीं. मूर्तींची शैली इतकी स्पष्ट नसती, तर नाण्यावरून मूर्तींचा काळ ठरवून आपण फसलोंही असतों.

यावर कोणी म्हणेल, “प्राचीनांनीं जें केलें तेंच आम्हीं केलें तर काय बिघडलें ?” उत्तर असें कीं, मूर्ति ठेवणाऱ्यांस स्तूप ही पुराणवस्तु नव्हती, जागतें पूजास्थान होतें. त्यांत भर घालणें हा उपासकाचा अधिकार होय. रक्षकाचें नातें निराळें. वास्तु त्याच्यापाशीं ठेव म्हणून असते, आणि दुसऱ्याच्या ठेवींत आपल्या पदरचें मिसळूं नये हा साधा व्यवहार आहे.

हस्तलिखितें हाताळणाऱ्या वाचकांस हा भेद निराळा समजावून देण्याचें कारण नाहीं. लेखक पोथी उतरून झाल्यावर पुष्पिकेंत आपलें नांव, गांव व शक लिहितो. चुकलें तेथें हरताळ लावितो. यानें संहितेस बाध येत नाहीं, उलट पोथीचा काळ ठरविण्यास साधन मिळतें. तोच लेखक मूळ श्लोकांत आपले चार श्लोक मुकाट्यानें घुसडूं लागला, तर तो प्रक्षेप, मग ते श्लोक कितीही सुरस असोत. असले प्रक्षेप वेगळे काढण्यास किती श्रम पडतात, हें भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत चालविलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामावरून कळेल. वास्तूचे थर ही तिची संहिता होय.

पेटीवर साल घातल्यास घोटाळा टळेल, हें म्हणणें अर्धेंच खरें. पेटीस खड्डा लागतो, खड्डा थर कापतो, व कापलेला थर पुन: जोडतां येत नाहीं. शिवाय पुरणाऱ्याच्या हेतूबद्दल वाद माजला कीं दुसरी खणती ठरलेलीच. ता. १५ ऑगस्ट १९७३ रोजीं श्रीमती इंदिरा गांधी यांनीं दिल्लीच्या लाल किल्ल्यापाशीं, स्वतंत्र भारताचा वृत्तांत असलेलें कालपात्र पुरलें. त्यांतील इतिहास एकपक्षीय आहे असा आक्षेप निघाला आणि १९७७ च्या डिसेंबरांत नव्या सरकारनें तें उकरून काढविलें. दूरच्या पिढ्यांसाठीं ठेविलेली वस्तु साडेचार वर्षेंही जमिनींत राहिली नाहीं.

याउलट सांचीचें उदाहरण अनुकरणीय आहे. कनिंगहॅम व मेसी यांनीं १८५१ मध्यें तेथील तिसऱ्या स्तूपांतून सारिपुत्त व मोग्गलान यांचे धातु काढिले. ते पुढें इंग्लंडांत गेले. १९५२ मध्यें ते सांचीस परत आले, तेव्हां त्यांची स्थापना प्राचीन स्तूपांत न करतां नव्यानें बांधलेल्या चेतियगिरी विहारांत करण्यांत आली. जें मूळचें स्तूपांतलेंच, त्यासाठींही जुना गर्भ पुन: उघडला नाहीं, मग सर्वस्वीं नव्या वस्तूंची कथा काय?

सारांश, स्मरणवस्तू ठेवावयाच्या तर नव्या इमारतीच्या पायांत किंवा संग्रहालयांत ठेवाव्यात. डागडुजींत जुन्या-नव्याची सीमा कळावी म्हणून सालाची खूण ठेवणें निराळें. खणती बुजवितांना तळाशीं चालू सालचें नाणें टाकण्याची कित्येक उत्खनकांची चाल याच हेतूची आहे. त्या खुणेची व सर्व कामाची नोंद बाहेर, दफ्तरांत असावी. सोपाऱ्याच्या अज्ञात उपासकांनीं आठ मूर्तींबरोबर एक ओळ लिहून ठेविली असती, तर आजचा वाद उरला नसता. आपण मूर्ति ठेवूं नयेत. ओळ मात्र चुकूं नये.