वर्तनात्मक स्थूल अर्थशास्त्रातील संशोधन-प्रशिक्षण कार्यशाळा

वर्तनात्मक स्थूल अर्थशास्त्रातील संशोधन-प्रशिक्षण कार्यशाळा म्हणजे अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी भरणारे अल्प मुदतीचे वर्ग. माणसाच्या निर्णयप्रक्रियेविषयी मानसशास्त्राने काढलेले निष्कर्ष महागाई, बचत, बेरोजगारी अशा संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या प्रश्नांना कसे लावावेत, हे त्यांत शिकवले जाते. अमेरिकेत या वर्गांना ‘समर कॅम्प’ किंवा ‘बूट कॅम्प’ म्हणतात. येथील ‘वर्तनात्मक’ या शब्दाचा मानसशास्त्रातील ‘वर्तनवाद’ या पंथाशी संबंध जोडू नये. तो पंथ मनोव्यापारांचा विचार टाळतो, तर या शाखेचा भर नेमका त्यांवरच आहे. स्थूल अर्थशास्त्रालाच जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘समग्रलक्षी अर्थशास्त्र’ असे नाव आढळते.

गरज

जॉन म्यूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली ‘विवेकी अपेक्षां’ची कल्पना रॉबर्ट लुकास यांनी १९७० च्या दशकात स्थूल अर्थशास्त्रात रुजवली. लोकांचे भविष्याविषयीचे अंदाज चुकतात, पण ते सतत एकाच दिशेने चुकत नाहीत, हे तिचे सार. पीएच.डी.चे पायाभूत शिक्षण आजही बहुतांशी या गृहीतकावर उभे आहे. ते सोडले की अडचण सुरू होते. विवेकाने वागण्याची रीत एक, चुकण्याच्या रीती मात्र असंख्य; त्यांतली सोयीची रीत निवडून कोणतीही घटना स्पष्ट करता येईल. म्हणून कोणती चूक गृहीत धरावी आणि तिला पुरावा कोणता, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. हे शिकवणारा मार्गदर्शक प्रत्येक विद्यापीठात असतोच असे नाही.

इतिहास

न्यूयॉर्कच्या रसेल सेज फाउंडेशनने १९९२ मध्ये वर्तनात्मक अर्थशास्त्रासाठी तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले. त्यात डॅनियल कानेमान, एमॉस ट्वर्स्की व रिचर्ड थेलर यांच्याबरोबर जॉर्ज अकरलॉफ, अ‍ॅलन ब्लाइंडर आणि रॉबर्ट शिलर होते. स्थूल अर्थशास्त्राचा धागा अशा रीतीने आरंभापासूनच होता. या मंडळाच्या पुढाकाराने १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दोन आठवड्यांचा पहिला वर्ग भरला. सेंधिल मुल्लइनाथन हे त्यातले विद्यार्थी पुढे नामवंत झाले. नंतरच्या काळात डेव्हिड लेबसन व मॅथ्यू रेबिन यांनी या वर्गांचे संयोजन केले. केवळ स्थूल अर्थशास्त्राला वाहिलेले वर्ग नंतरचे. असा ‘बूट कॅम्प’ अमेरिकेतील एनबीईआर या संशोधन संस्थेने भरवला आहे.

अभ्यासविषय

क्रिस्टोफर सिम्स यांचा ‘विवेकी दुर्लक्षा’चा सिद्धान्त, ग्रेगरी मॅन्क्यू व रिकार्डो रीस यांचे २००२ मधील ‘चिकट माहिती’चे प्रारूप आणि लेबसन यांचे तात्कालिक सुखाच्या ओढीविषयीचे १९९७ मधील विवेचन हे या शाखेचे पायाभूत वाङ्मय होय. मात्र खरी कसोटी आकडेवारीत आहे.

ऑलिव्हिअर कोइबियन व युरी गोरोडनिचेंको यांची २०१५ मधील रीत याचे उत्तम उदाहरण आहे. एखाद्या तज्ज्ञाने महागाईचा आपला अंदाज ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेला आणि प्रत्यक्षात महागाई ६ टक्के निघाली, तर नव्या माहितीला त्याने कमी प्रतिसाद दिला असे दिसते. हे वारंवार घडते का, ते मोजायचे. सर्व तज्ज्ञांच्या सरासरी अंदाजात असा अपुरा प्रतिसाद आढळतो. उलट एकेका तज्ज्ञाचे अंदाज सुटे तपासले, तर अनेकदा अतिप्रतिसाद दिसतो! यात वरकरणी विरोध असला, तरी तो सुटतो. प्रत्येकाजवळची माहिती वेगळी असते आणि दुसऱ्याजवळची त्याला दिसत नाही. त्यामुळे एकेकाने आपल्या बातमीचा बाऊ केला तरी सरासरी सावकाशच हलते. व्यक्तीचे वर्तन आणि समूहाचे वर्तन यांतील हे अंतर ओळखणे हाच या प्रशिक्षणाचा गाभा म्हणता येईल.

सामान्य कुटुंबांच्या अपेक्षा हा दुसरा महत्त्वाचा विषय. वारंवार खरेदी होणाऱ्या वाणसामानाच्या किमतींचा त्यांवर मोठा प्रभाव पडतो, असे अमेरिकेतील संशोधन सांगते. बाजारहाट करणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही. भारतीय रिझर्व्ह बँक २००५ पासून मुंबईसह विविध शहरांत कुटुंबांच्या महागाईविषयक अपेक्षांचे सर्वेक्षण करते. त्यातील उत्तरे अधिकृत दरापेक्षा सहसा चढी असतात. सर्वेक्षणाचे निष्कर्ष बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात.