दहावीच्या वर्गातलं वेल्डिंग

शाळेच्या आवारात लोखंडी गेटचं काम चाललंय. अँगल हॅकसॉनं कापून झाले, जमिनीवर चौकट मांडली, कोपऱ्यांत गुण्या लावून वेल्डिंगचे नुसते टाके मारले. पक्की जोडाई करण्याआधी एक मुलगी टेपनं तिरकं माप घेते, मग दुसऱ्या बाजूनं तिरकं. दोन्ही सारखी आली तरच चौकट काटकोनात. आयताचे कर्ण एकरूप असतात हे भूमितीच्या वहीतही असतं. तिथं चुकलं तर मार्क जातात. इथं चुकलं तर गेट लागत नाही आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.

हे गिऱ्हाईक शाळेत यायला शंभर वर्षं लागली.

१८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी, बाळबोध आणि हिशेबाच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे धडे मागितले. शक्य तिथं मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल अशी छोटी नमुना शेतंही. पुढचा मोठा टप्पा १९३७चा. त्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिकवणारी नयी तालीम उभी राहिली. मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा ही गांधीजींची कल्पना. तो माल मात्र सरकारनं विकत घ्यायचा होता. सरकार हे गिऱ्हाईक माल उलटून बघत नाही, आणि मला वाटतं सूत कातायच्या टकळीचं पुढे कर्मकांड झालं त्याचं मूळ इथंच आहे.

कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव आणला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं त्याचं समाजोपयोगी उत्पादक कार्य केलं. नाव भारदस्त झालं; वर्गात कागदाची फुलं, फायली आणि पायपुसणीच राहिली. तपासणी झाली की माल कपाटात जायचा.

अमेरिकेत याच सुमारास, १९६९ साली, फिलाडेल्फियाच्या एडिसन हायस्कुलात इलेक्ट्रिकल अकॅडमी निघाली. पुढे देशभर पसरलेल्या करिअर अकॅडम्यांची ती सुरुवात. तिथं पाठीशी वीज कंपनी होती. आपल्या खेड्यात कंपनी कुठून आणायची?

डॉ. श्रीनाथ कलबागांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन. ते सोडून १९८३ साली ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधारानं विज्ञान आश्रम सुरू केला. गाव अवर्षणप्रवण. कंपनी नाही, पण दुरुस्तीला आलेली अवजारं आहेत, आटलेल्या विहिरी आहेत, मोडकी छपरं आहेत. गाव हेच गिऱ्हाईक.

आश्रमाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस हातकामाचा, आणि त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. एकच धंदा पक्का शिकवायचा नाही, कारण खेड्यात नुसत्या वेल्डरचं पोट भरत नाही. त्याला मोटारही जोडता यावी लागते. शिकवायला निदेशक, शक्यतो गावात तेच काम करून पोट भरणारा माणूस. आणि गावाची कामं पैसे घेऊन करायची, म्हणजे सामानाचा खर्चही निघतो. लोखंड किती किलो, रॉड किती, वीज आणि मजुरी किती हे खर्चपत्रक मुलंच मांडतात. विहिरीची जागा शोधायला जमिनीत चार सळया रोवून वीज सोडायची आणि खडकाचा रोध मोजायचा, हेही आश्रमातली मुलं शिकली. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळचे घुमटाकार डोम तिकडे घरं म्हणून उभे राहिले. २००२ साली एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्डांची फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, इथं आली, भारतातली पहिली. कलबाग २००३ साली गेले.

हातकामाच्या या विषयाला महाराष्ट्राच्या राज्य मंडळाची मान्यता मिळाली होतीच. लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांनी तो आणखी शाळांत नेला, आणि राष्ट्रीय कौशल्य चौकटीत तो मल्टी स्किल नावानं बसला. पण त्याच चौकटीत रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस, सिक्युरिटी असेही विषय आहेत, आणि शिकवणारा बहुतेकदा एखाद्या प्रशिक्षण कंपनीमार्फत कंत्राटावर येतो.

मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटसारख्या गावाला या यादीतलं काय उपयोगी पडेल? बुऱ्हाणपूर शहरात पॉवरलूम आहेत, आणि जिल्ह्यातला केळीचा पट्टा पार रावेर-सावद्याला जाऊन भिडतो. केळीला ठिबक आलं, तसे चोक होणारे ड्रिपर आले, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आल्या, फिल्टर धुणं आणि आम्ल सोडणं आलं. आम्ल किती सोडायचं हा रसायनशास्त्राचा तास, आणि एका वाफ्याला किती लिटर पाणी पडलं हे गणित. त्याचे पैसे मोजणारा शेतकरी शाळेच्या कुंपणापलीकडेच असणार. ठिबक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे पदवी नसेल. त्याला आठवड्यातून एक दिवस मानधनावर वर्गात बोलवायची मुभा मुख्याध्यापकांना असली, म्हणजे सुरुवात करता येईल.