गॉर्डी हाऊ यांचे ‘पहिले’ कार्ड

बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंची चित्रकार्डे कॅनडातील पार्कहर्स्ट या कंपनीने १९५१-५२ च्या हंगामात प्रसिद्ध केली. त्या संचातील ६६ क्रमांकाचे कार्ड डेट्रॉइट संघाच्या गॉर्डी हाऊ यांचे होय. संग्राहक त्यास ‘रूकी कार्ड’, म्हणजे नवोदित खेळाडूचे कार्ड, असे म्हणतात. ही संज्ञा मात्र अभ्यासकाने पारखून घेणे अवश्य आहे.

वस्तुतः हाऊ हे १९४६ पासूनच नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळत होते. मार्च १९५० मध्ये सामन्यात त्यांच्या डोक्यास गंभीर इजा झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. तथापि पुढच्याच हंगामात ४३ गोल आणि ४३ साहाय्ये अशा ८६ गुणांनी ते लीगमध्ये अग्रस्थानी आले. मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशार यांचेही ‘रूकी कार्ड’ याच संचात आहे. त्यांनी तर १९४४-४५ मध्येच ५० सामन्यांत ५० गोल केले होते.

या विसंगतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४१ नंतर सुमारे दहा वर्षे अशा कार्डांचे मोठे संच निघालेच नाहीत. १९५१ मध्ये ‘नवोदित’ होता तो हा व्यवसाय.

हाऊ १९७१ मध्ये निवृत्त झाले, १९७३ मध्ये आपल्या दोन मुलांसमवेत दुसऱ्या एका लीगमध्ये परतले आणि १९८० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, नॅशनल हॉकी लीगमधील एकूण ८०१ गोल नावावर ठेवून थांबले. तात्पर्य, कार्ड हे अस्सल साधन खरे. परंतु त्यास मागाहून चिकटलेले नाव हे साधन नव्हे.