होन्या केंगले

होन्या भागोजी केंगले : महादेव कोळी बंडकरी. बंडाचा काळ १८७३ ते १८७६. मूळ गाव जांभोरी (हल्लीचा आंबेगाव तालुका, पुणे जिल्हा).

चाकणची कारखानदारी मागे टाकून भामा आणि भीमा नद्यांच्या उगमाकडे निघाले, की भीमाशंकरच्या माथ्यापर्यंत महादेव कोळ्यांचा मुलूख लागतो. जुन्या कागदांत या डोंगरपट्ट्याचे नाव ‘बावन मावळ’ असे येते. मावळागणिक एक नाईक आणि सगळ्यांवर जुन्नरचा सरनाईक, अशी तिथली व्यवस्था. मराठेशाहीत गडांची राखण कोळ्यांकडे असे. १८१८ नंतर इंग्रजांनी गड निकामी केले आणि राखणदारांचे वेतन गेले. रामजी भांगरे आणि त्याचा मुलगा राघोजी यांची बंडे या असंतोषातून उभी राहिली. राघोजीला १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिले.

होन्याच्या काळी शत्रू बदलला होता. उतारावर नाचणी-वरई, खाचरात भात आणि रानातला हिरडा एवढीच मिळकत. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की सावकाराकडून खावटी उचलायची आणि कोऱ्या खतावर (कर्जरोख्यावर) अंगठा उठवायचा. होन्याने शिकवून तयार केलेली टोळी या सावकारांवर तुटून पडली. काहींची नाकेही कापली गेली. हे क्रौर्य झाकण्याचे कारण नाही, पण त्यामागची चीड सरकारी लेखकांनाही कबूल करावी लागली. सावकार डोंगरी माणसांना फसवतात आणि अधूनमधून त्यांना गुन्ह्याला प्रवृत्त करतात, असे खुद्द गॅझेटियरमध्ये नमूद आहे.

बंडाचे लोण पुणे, नगर आणि नाशिकच्या पश्चिम भागांत व खाली कोकणात ठाण्यापर्यंत गेले. १८७४ मध्ये होन्यावर हजार रुपयांचे इनाम लागले; साथीदारांसाठी दोनशे ते सहाशे. कर्नल स्कॉट आणि सिंक्लेअर यांच्या हाताखाली १७५ बंदूकधारी शिपाई शोधाला निघाले, तरी तो सापडला नाही. अखेर १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. दरम्यान, १८७५ मध्ये सुपे येथून शेतकऱ्यांचे सावकारविरोधी दंगे पेटले होते.

त्याच १८७६ च्या जूनमध्ये अमेरिकेत लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आदिवासी आणि त्यांच्या मित्रजमातींनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. सिटिंग बुल आणि क्रेझी हॉर्स ही त्यांच्या पुढाऱ्यांची नावे जगभर गेली. दोन्ही झगड्यांची तुलना फार ताणू नये. लाकोटांकडे निदान १८६८ चा तह होता, सरकारने मोडलेला का असेना. कोळ्यांच्या वाट्याचा कागद म्हणजे खत, आणि तेही सावकाराच्या पेटीत.



ज्या डॅनियलने होन्याला धरले, त्यानेच जुलै १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना अटक केली. फडक्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. होन्याचे नाव मात्र बराच काळ गॅझेटियरमधल्या दरोड्यांच्या हकिगतींतच राहिले.