खबर कुठून निघते

आजोबांच्या गोष्टींत कस्टमवाले नेहमी उशिराच पोचायचे. मचवा रिकामा, वाळूत पावलं उमटलेली आणि किनाऱ्यावर कुणालाच काही ठाऊक नाही! पनवेलात बैलगाडीची चाकं बनवणाऱ्या घरातले आजोबा. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीत पोर्तुगीजांच्या दमणहून येणाऱ्या बाटल्यांचे किस्से इतके रंगवून सांगत की आजी उठून आत जायची. एक गोष्ट मात्र ते बजावून सांगत, "माल पहाऱ्याने नाही, खबरीने सापडतो. आणि खबर निघते माल भरला तिथून."

या दमणची ख्याती दारूच्या आधीची, अफूची. माळव्यातली अफू ईस्ट इंडिया कंपनीचा कर चुकवून राजपुतान्यातून सिंधला, कराचीहून गलबतांनी दमणला आणि तिथून चीनला जाई. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंधच गिळला. वाट बंद झाली, मग मुंबईमार्गे अफू न्यायला लागणाऱ्या कंपनीच्या पासाचा दर चढत 1847 मध्ये पेटीमागे 400 रुपयांवर गेला. चोरी खुपत होती ती महसुलापायी; चीनने बंदी घातलेला माल मुंबईतून रवाना होताना कंपनीला कसली टोचणी नव्हती.

आता मचव्याच्या जागी कंटेनर आला. जुलै 2022 मध्ये पनवेलजवळ आजिवलीच्या यार्डात दुबईहून आलेला एक कंटेनर पोलिसांनी तपासला. कागदोपत्री संगमरवर. तो होताही. पण दाराची पोकळ चौकट कापली तेव्हा आतून हेरॉइनची पाकिटं निघाली, 72 किलोंच्या वर, किंमत सुमारे 362 कोटी. खबर पंजाब पोलिसांची होती. जवळच्या न्हावा-शेवा बंदरात वर्षाकाठी लाखो कंटेनर उतरतात. प्रत्येकाची चौकट कोण कापत बसणार? 2020 मध्ये तिथेच 191 किलो हेरॉइन सापडलं, तेही बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेलं.

अशा मालाची खबर पनवेलात बसून कशी मिळणार? म्हणून तर 1990 मध्ये मालेला सार्क देशांनी अमली पदार्थांविरुद्ध करार केला, पुढे कोलंबोत माहितीच्या देवाणघेवाणीसाठी कक्ष उघडला. 2011 मध्ये भारत-पाकिस्तानच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणांनीही समझोत्यावर सह्या केल्या. कागद चांगलेच आहेत. पण दिल्ली-इस्लामाबादचं बिनसलं की अधिकाऱ्यांच्या बैठकाही अडतात. तस्करांचं मात्र पलीकडच्यांशी बोलणं बंद झाल्याचं आजवर ऐकलेलं नाही.