केस पद्धती

केस पद्धती : व्यवस्थापनाच्या शिक्षणातील एक अध्यापनपद्धती. एखाद्या खऱ्या कंपनीपुढचा पेच कागदपत्रांच्या रूपात विद्यार्थ्यांसमोर ठेवायचा आणि त्या पेचातून वाट काढण्याचा निर्णय त्यांच्याच चर्चेतून घडवून घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. मार्केटिंग आणि व्यवसायधोरण या विषयांत ती विशेष रुजली. हिशेबशास्त्रात उत्तर पडताळता येते. नवे उत्पादन कोणत्या किमतीला आणावे किंवा प्रतिस्पर्ध्याच्या स्वस्त मालाला कसे तोंड द्यावे, या प्रश्नांना तशी पडताळणी नसते.

केस साधारणपणे दहा ते पंचवीस पानांची असते. निर्णय घेणारी व्यक्ती, तिच्या हातातला वेळ, कंपनीचा पूर्वेतिहास, बाजारातील हिस्से, किमती, विक्रेत्यांचे कमिशन आणि शेवटी तक्ते असा तिचा ऐवज असतो. काही माहिती मुद्दाम अपुरी आणि काही निरुपयोगी ठेवलेली असते. निर्णयाच्या उंबरठ्यावर केस थांबते. पुढे काय झाले हे बहुधा ‘ब’ भागात असते आणि तो चर्चेनंतर वाटला जातो. यशोगाथा आणि केस यांतला फरक नेमका इथे आहे. जिच्यात उत्तर आधीच दिलेले आहे ती केस उदाहरण म्हणून चालेल, अध्यापनाला तिचा उपयोग थोडा.

इतिहास : या पद्धतीचे मूळ कायद्याच्या शिक्षणात आहे. हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन ख्रिस्तोफर लँगडेल यांनी 1870 च्या सुमारास नियम पाठ करून घेण्याऐवजी न्यायालयीन निकाल वर्गात चर्चेला घेण्यास सुरुवात केली. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 मध्ये स्थापन झाले. तेथे 1911 च्या सुमारास आर्च शॉ यांनी उद्योजकांना वर्गात बोलावून त्यांच्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडायला लावल्या. मात्र या प्रयोगाची पद्धत झाली ती 1919 मध्ये डीन झालेल्या वॉलेस डोनहॅम यांच्या काळात. ते कायद्याचे पदवीधर होते. अडचण एवढीच होती, की न्यायालयांचे निकाल छापील मिळत, व्यापाराचे निर्णय मात्र कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ते लिहून काढण्यासाठी संशोधकांना कंपन्यांत पाठवावे लागले. मेल्विन कोपलँड यांचे मार्केटिंगच्या समस्यांचे पुस्तक 1920 मध्ये निघाले. 1921 मधील ‘जनरल शू कंपनी’ ही हार्वर्डची पहिली लिखित केस मानली जाते. पुढे वर्गखोल्यांची रचनाही या पद्धतीप्रमाणे बदलली. 1953 च्या ऑल्ड्रिच हॉलमधील नालाच्या आकाराच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गांत विद्यार्थी एकमेकांचे चेहरे पाहून वाद घालू शकतात.

वर्गातील प्रक्रिया : विद्यार्थी केस आधी एकट्याने आणि मग लहान गटात वाचतात. वर्गात शिक्षक कोणालाही अचानक उठवून सुरुवात करायला सांगतो. या प्रकाराला ‘कोल्ड कॉल’ म्हणतात. हार्वर्डमध्ये अनेक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातील सहभागाला असतात, त्यामुळे गप्प बसणे परवडत नाही. शिक्षक उत्तर सांगत नाही. तो प्रश्न विचारतो, विरोधी मते समोरासमोर आणतो आणि फळ्याचे भाग पाडून मुद्दे टिपत जातो. त्याच्या हाताशी ‘टीचिंग नोट’ असते. ती विद्यार्थ्यांना दिली जात नाही. एवढे होऊनही चर्चा आकड्यांवाचून चालली तर तिच्या कट्ट्यावरच्या गप्पा होतात. एका नगामागे किती सुटते, ना नफा ना तोटा कोणत्या विक्रीला, जाहिरातीचा खर्च किती नगांतून वसूल होईल, हे गणित मांडल्याशिवाय मार्केटिंगच्या केसला हात घालता येत नाही.

निरमा आणि सर्फ या धुण्याच्या पावडरींची झुंज हे भारतीय वर्गांतले परिचित उदाहरण. करसनभाई पटेल यांनी 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा पावडर सुरू केली आणि सर्फच्या तुलनेत अगदी कमी किमतीत ती घरोघर पोचली. विद्यार्थ्याला सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवले, की तो आधी सर्फची किंमत उतरवायला निघतो. मग लक्षात येते, की आपल्या खर्चाची घडण निराळी आहे आणि किंमत उतरवली तर चढ्या भावाने घेणारे गिऱ्हाईकही हातचे जाते. ललिताजी या चोखंदळ गृहिणीच्या जाहिरातीने सर्फचा महाग भाव समर्थनीय ठरवला, पण खालचा बाजार निरमाकडेच राहिला. कंपनीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील हा वेगळा ब्रँड उतरवला. ही उत्तरे सांगून टाकली तर दहा मिनिटांत संपतात. ती सुचेपर्यंत तास पुरत नाही.

व्यवसायधोरणात सर्वांत फलदायी वाद होंडाच्या केसवर झाला. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारसाठी 1975 मध्ये ब्रिटिश मोटारसायकल उद्योगावर अहवाल दिला. त्यात होंडाचे यश मोठ्या उत्पादनातून आलेल्या कमी खर्चाचे आणि आखीव धोरणाचे फळ ठरले, आणि केस त्याच धाटणीने शिकवली गेली. रिचर्ड पास्काल यांनी 1982 मध्ये होंडाच्या अमेरिकेतील मोहिमेतल्या अधिकाऱ्यांना गाठले, तेव्हा कहाणी भलतीच निघाली. 1959 मध्ये लॉस एंजेलिसला आलेल्या या मंडळींना मोठ्या मोटारसायकली विकायच्या होत्या. अमेरिकेतील लांब, वेगवान प्रवासात त्या गाड्यांचे तेल गळू लागले, क्लच निकामी होऊ लागले. स्वतःच्या फिरण्यासाठी आणलेल्या 50 सीसीच्या सुपर कबकडे मात्र लोकांचे लक्ष गेले. नाइलाजाने त्या विकायला काढल्या आणि 1964 पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास दर दोन मोटारसायकलींपैकी एक होंडाची होती. पास्काल यांचा लेख 1984 मध्ये आला. धोरण आधी आखले जाते की चुकतमाकत घडत जाते, यावर व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग आणि त्यांचे विरोधक पुढे दीर्घकाळ भांडले. दोन्ही मांडण्या एकापाठोपाठ शिकवल्या, की केस ही घटना नसून कोणाची तरी मांडणी असते, हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

भारतात : अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने उभी राहिली आणि विक्रम साराभाई, रवी मथाई यांच्या काळात केस पद्धती तिचा कणा बनली. भारतीय कंपन्यांवर केस लिहिण्याचे काम तेथे सुरुवातीपासून झाले. मुंबईच्या डबेवाल्यांवरील हार्वर्डची केस 2010 ची आहे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागांतून आलेल्या या डबेवाल्यांचे कौतुक मराठी व्याख्यानांतून खूप होते. 1998 मध्ये फोर्ब्स मासिकात आलेल्या लेखानंतर चिकटलेले ‘सिक्स सिग्मा’ या जवळजवळ बिनचूकपणाच्या मानकाचे बिरुदही त्यात न चुकता येते. या केसवर आज वर्गात विचारायचा खरा प्रश्न पलीकडचा आहे : हॉटेलचे जेवण पोचवावे का, घरचा डबा नेणारे कमी झाले तर काय, आणि 2020 प्रमाणे लोकल बंद पडल्या तर या साखळीचे काय उरते. विद्यापीठांच्या वाणिज्य शाखांतील परीक्षांत ‘केस स्टडी’ नावाचा प्रश्न येतो. दोन परिच्छेदांची काल्पनिक गोष्ट आणि खाली तीन उपप्रश्न, असे त्याचे रूप. त्याला या पद्धतीचे नाव आहे, तिचा गाभा क्वचितच.

आक्षेप : बसल्या जागी वीस पाने वाचून दुसऱ्याच्या कंपनीवर निकाल देण्याची सवय लागते, ही मिंट्झबर्ग यांची टीका सर्वांत जिव्हारी लागणारी. दुसरी अडचण लेखनातली आहे. कंपनीत जाऊन लिहिलेली केस छापण्यापूर्वी त्या कंपनीची लेखी संमती लागते, त्यामुळे अपयशे संग्रहात कमी आणि विजय जास्त येतात. एनरॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी 2001 मध्ये कोसळण्यापूर्वी तिच्या कल्पकतेवर लिहिलेल्या केस नामांकित संस्थांत शिकवल्या जात होत्या. आता विद्यार्थी वर्गात येण्याआधीच मोबाइलवर शेवट वाचून येतो. यावर उपाय म्हणून काही शिक्षक कंपनीची नावे व वर्षे बदलतात, तर काही जण ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे अशा ‘लाइव्ह केस’ घेतात.