शेजारीच मारेकरी होतो तेव्हा

आम्ही गडमुडशिंगीकर. शेजारच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले. स्टालिनने देशोधडीला लावलेल्या या माणसांना कोल्हापूरने आसरा दिला, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण त्याच पोलंडमधल्या येडवाब्ने गावात १० जुलै १९४१ रोजी, नाझी अमलाखाली, पोलिश गावकऱ्यांनी शेकडो ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळले. चिथावणी नाझींची, हात शेजाऱ्यांचे!

आम्हाला खैरलांजी आठवते. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातील चौघांचे मारेकरी गावातलेच होते.

येडवाब्नेच्या ज्यूंची पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी २००१ मध्ये जाहीर माफी मागितली. खैरलांजीत मात्र उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये जातीय हेतू मानला नाही. गुन्ह्याचे खरे नाव घेतल्याशिवाय बाबासाहेबांची बंधुता गावात कशी येणार?

जय भीम!